बिंदगीभर अंबील आणि आठ सिलिंडर

"अप्पा, ये गाडी है के म्हशीचा गोठा?"

अप्पांच्या वर्कशॉपात लेथ चालवणारे गफूरभाई मान वळवून हे म्हणाले, तेव्हा ट्रेलरवरून एक काळी लांबलचक गाडी उतरत होती. उतरत होती म्हणजे उतरतच होती. पुढची चाकं बेंबळी रोडला लागली तरी मागचा निम्मा भाग अजून फळ्यांवरच होता. समोरच्या खताच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. एक ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर रस्त्यातच सोडून बघायला आला आणि त्याच्यामागं एसटी अडकली, तर एसटीचा ड्रायव्हरही हॉर्न न वाजवता बघत बसला.

मन्मथअप्पा तेवढे उठले नाहीत. ते पाटावर बसून एका टेम्पोच्या गिअरचे दात चिंधीनं पुसत होते, लहान मुलाचे पुसावेत तसे. वर न बघताच म्हणाले, "म्हैसच हाय. आन् मागच्या पायात लंगडायलीय."

गाडीसोबत आलेल्या पुण्याच्या साहेबांनी काळा चष्मा काढला. गाडी खरंच मागून बिघडलेली होती. पण ते त्यांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी हे सगळं दारातून बघत होते. आमचं घर अप्पांच्या वर्कशॉपच्या मागं, त्यांच्या घराला लागून, मधे एक भिंत आणि त्या भिंतीला एक दार. त्या दारात उभं राहिलं की धड बाहेर आल्यासारखं होत नाही आणि घरात बसल्यासारखंही होत नाही. तेव्हा मी इंजिनीअरिंग संपवून घरी आले होते, नोकरी लागायची होती, आणि येणारे-जाणारे 'मग, आता पुढं काय?' असं विचारत. त्यामुळं ते दार मला फार सोयीचं होतं.

साहेबांची अडचण अशी होती. गाडी अमेरिकेत पन्नासएक वर्षांपूर्वी बनलेली. दोनच दारं, आणि पुढं आठ सिलिंडरचं इंजिन. ते इंजिन त्यांनी पुण्यात हौसेनं नव्यानं बांधून घेतलं, आणि ते इतकं जोरदार झालं की त्याचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या जुन्या भागांना तो पेलवेना. मागच्या आसातले गिअर दोनदा तुटले. आता क्लच, गिअरबॉक्स, लांब शाफ्ट आणि मागचा आस हे सगळंच नवीन बांधायचं होतं. सुटे भाग परदेशातून खोक्यांत भरून आले होते. बांधणारा मिळत नव्हता. कुणीतरी सांगितलं, धाराशिवला बेंबळी रोडवर एक म्हातारा आहे. गिअरचं काम त्याच्यासारखं कुणी करत नाही, पण आधी तो थट्टा करतो, ती सोसावी लागते.

"अप्पा, मला असं पाहिजे," साहेब म्हणाले, "की क्लच सोडला की माणूस सीटला चिकटला पाहिजे."

"चिकटवायचंच आसंल तर डिंक लावा की साहेब. त्याच्यासाठी इतक्या लांब कशाला आलाव?"

साहेबांनी सोसलं. गाडी राहिली.

अप्पांना जाऊन आता दोन वर्षं होतील. डोळ्यासमोर येतात ते असे: खाकी हाफ पँट, पांढरी बंडी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. दुपारपर्यंत त्या पट्ट्यांवर ग्रीसचा चौथा पट्टा चढलेला असे. गळ्यात दोऱ्यात बांधलेली लिंगाची चांदीची डबी. खाली वाकायचं काम आलं की ती डबी ते पाठीवर टाकत. सकाळी पूजा झाल्याशिवाय पाणी पीत नसत. पण पूजेला बसण्याआधीच 'जरा बघून येतो' म्हणून वर्कशॉपमध्ये डोकावत, आणि एकदा डोकावले की हात काळे होत. मग रॉकेलनं धुवायचे, मग साबणानं, मग पुन्हा अंघोळ. एका सकाळी त्यांनी तीनदा अंघोळ केलेली मी भिंतीपलीकडून ऐकली आहे. तिसऱ्या वेळी आक्कांनी बादली हिसकावून घेतली आणि "साकु!" म्हणून ओरडल्या. ते दोघं घरात कानडीत भांडत. मला तेवढा एकच शब्द कळायचा, कारण तो रोज यायचा. पुरे!

आक्का म्हणजे त्यांच्या बायको. सगळा रोड त्यांना आक्का म्हणायचा. उंच, सडपातळ आणि अप्पांपेक्षा चार बोटं उंचच. हे अप्पा कुणालाही स्वतःहून सांगत. "लग्नात अंतरपाट धरला तर हिला वरनं मी दिसायलो. तवापास्नं हिनं मला वरनंच बगितलंय."

अप्पा खोटं बोलत. उगीच नाही, निवडून बोलत. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला की त्याच्याशी सरळ, कामापुरतं. पण कुणी हॉर्न वाजवत आलं, गाडीतून न उतरताच 'ए मिस्त्री' म्हणालं, की अप्पांच्या आवाजात एकदम मध उतरे. रस्त्यांची कंत्राटं घेणारा एक गुत्तेदार असाच आला होता. नवी कोरी मोठी गाडी, आणि रिव्हर्स पडत नाही म्हणून आरडाओरडा. अप्पांनी गाडीखाली डोकं घातलं, दोन मिनिटांनी बाहेर आले आणि फार गंभीर होऊन म्हणाले, "गिअरला सर्दी झालीय."

"काय?"

"एसी लई लावताव का?"

"लावतो की."

"मग. वरनं थंड, खालनं गरम. ओव्याची धुरी द्यावी लागंल."

गुत्तेदाराच्या ड्रायव्हरनं किराणा दुकानातून ओवा आणला. पाटीत निखारे घेऊन तो गाडीखाली धुरी देत बसला आणि गुत्तेदार बाजूला उभा राहून 'अजून थोडी दे' म्हणत राहिला. खताच्या दुकानातली माणसं पोत्यांच्या मागं जाऊन हसत होती. मग अप्पा म्हणाले, "आता टाका रिव्हर्स." पडला. गाडीखाली डोकं घातलं तेव्हाच अप्पांनी सुटलेली पिन बसवली होती. गुत्तेदार वाकून नमस्कार करून गेला, आणि महिन्याभरानं त्यानं ओळखीचा आणखी एक माणूस पाठवला. तो येताना ओवा घेऊनच आला.

मला त्यांनी कामाला लावलं ते त्या परदेशी खोक्यांमुळं. खोक्यांत एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. अप्पांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि दाराकडं बघून म्हणाले, "मॅडम, जरा इकडं यायलाव का? ह्यात काय रडगाणं लिवलंय तेवढं सांगा."

माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, म्हणून मी मॅडम. मला तोपर्यंत कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. त्यात किती थट्टा आणि किती मान आहे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी जाऊन पुस्तक वाचायला लागले आणि पहिल्याच पानावर अडले. वाचता येत होतं, सांगता येत नव्हतं. 'सेव्हंटी नाइन'ला मराठीत काय म्हणतात ते आठवेना. एकोणसत्तर की एकोणऐंशी, यात मी इतका वेळ घालवला की गफूरभाई लेथ बंद करून आले. शेवटी मी खडू घेतला आणि फरशीवर आकडा लिहिला. अप्पांना ते फार आवडलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी खडूचा एक तुकडा पान्यांच्या शेजारी, पान्यांच्याच रांगेत ठेवला.

अकरा दिवस मी रोज जात होते. आधी क्लच. साहेबांनी आणलेला क्लच शर्यतीच्या गाड्यांचा, पायाला दगडासारखा लागणारा. अप्पांनी आक्कांना बोलावलं, ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, "दाब."

आक्कांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून दाबला. हलला नाही. "शिलाई मशिनीचं पायडल बरं," त्या म्हणाल्या. "हे काय गाडी चालवायची का वरवंटा ढकलायचा?"

"साहेब," अप्पा म्हणाले, "जो क्लच बाईमाणसाच्या पायाला दबत न्हाय त्यो क्लच न्हाय, व्यायाम हाय." मग गफूरभाईंकडून त्यांनी लिव्हर दोन बोटं लांब करून घेतला आणि आक्कांना पुन्हा बसवलं. दबला. तेव्हाच त्यांनी तो पास केला. साहेबांचा पाय त्यांनी विचारात घेतलाच नाही.

नंतर मागचा आस. त्यात क्राऊन आणि पिनियन असे दोन गिअर काटकोनात एकमेकांत बसतात. किती जवळ बसवायचे, यातच सगळी कला. अप्पा पूजेच्या दुकानातून शेंदूर आणत. तो तेलात खलून क्राऊनच्या दातांना लावत आणि गिअर हातानं सावकाश फिरवत. दुसऱ्या गिअरचे दात जिथं टेकत, तिथला शेंदूर पुसला जाई. त्या पुसलेल्या जागेकडं ते भिंगातून बघत बसत. ठसा टोकाकडं गेला तर कागदाएवढा पातळ पत्रा काढायचा, मुळाकडं गेला तर घालायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा फिरवणं. पूजेच्या दुकानदारानं विचारलं होतं, "अप्पा, इतका शेंदूर कोणत्या देवाला लागायलाय?" अप्पा म्हणाले, "अजून देव झाला न्हाय. दात यायलेत."

"हे नवरा-बायकोसारखं असतंय, मॅडम," त्यांनी मला सांगितलं. "लई जवळ बसवलं की रात्रंदिवस वरडत्यात. लई लांब बसवलं की आपटत्यात."

चहा घेऊन आलेल्या आक्का म्हणाल्या, "आमचं पन्नास वरसं नुसतंच आपटायलंय."

दोन दातांमध्ये फट किती ठेवायची ते पुस्तकात इंचात होतं. गफूरभाईंचं माप मिलिमीटरचं. मी गणित केलं आणि आकडा फरशीवर लिहिला. अप्पांनी पाहिला, "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी स्वतः माप लावून पाहिलं, तर फट माझ्या आकड्याच्या दहापट होती. एवढ्या मोठ्या माणसाची चूक, आणि ती सांगायची कुणी? मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत जाऊन फरशीवर लिहिलं: 'अप्पा, फट जास्त आहे.'

अप्पा आले, वाचलं, आणि आत तोंड करून ओरडले, "गफूर! तीन दिस! मी जितलो!"

मला काही कळेना. "पुस्तक बगा पुन्यांदा," ते म्हणाले. पाहिलं. माझंच दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं. अप्पांनी माझा आकडा पाहिल्याबरोबर ओळखलं होतं, बोटांच्या अंदाजानं फट बरोबर ठेवली होती आणि गप्प बसले होते. मी किती दिवसांनी तोंड उघडते, यावर त्यांची आणि गफूरभाईंची चहाची पैज लागली होती. अप्पा तीन दिवस म्हणाले होते, गफूरभाई चार. मग लिहिलेलं बोलणं धरायचं की नाही यावर त्यांचा वाद झाला, तो दुपारपर्यंत चालला. गफूरभाई म्हणत होते, "मुँह से बोलना अलग, खडूनं लिहिणं अलग. शर्त मेरी है." मी रागानं घरी निघून गेले. संध्याकाळी अप्पा दारात आले. पैजेचा चहा माझ्यासाठी घेऊन आले होते.

आता जे सांगायचं ते आक्कांचं. आक्कांना अप्पांनी काम बंद करायला हवं होतं. त्यात चूक काही नव्हती. अप्पा एकाहत्तर वर्षांचे. त्या पावसाळ्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही. चौथ्या आठवड्यात आक्का देवळातून परत आल्या, तर अप्पा एका जीपखाली उताणे आणि त्यांच्या छातीवर आख्खा गिअरबॉक्स. "उचलला न्हाय," अप्पा खालून म्हणाले. "डॉक्टर उचलू नका म्हणलेत. मी नुसता झेललाय."

त्या दिवशी आक्का भांडल्या नाहीत, तेव्हाच मला भीती वाटली. त्यांचं म्हणणं मला पुढं एकदा त्यांनीच सांगितलं, शेंगा निवडताना. पुण्याला मुलाकडं जायची त्यांना हौस नव्हती. बेंबळीला त्यांचं शेत होतं, विहीर होती, दोन खोल्या होत्या. "लग्न झाल्यापास्नं म्हणत्यात, पुढच्या साली शेतात ऱ्हाऊ. आता सांग, ह्यांच्याकडं पुढची सालं किती ऱ्हायलीत?" मी पुढची शेंग निवडायला घेतली. माझ्याजवळ खडूही नव्हता.

अप्पांचंही मला कळत होतं. शटर ओढल्यावर त्यांचं काय होईल, हे दिवाळीच्या चार सुट्ट्यांत दिसायचं. घरात बसून ते आक्कांच्या मिक्सरचा, पिठाच्या डब्याच्या बिजागरीचा, देवघरातल्या घंटीचा आवाज दुरुस्त करत. घंटी त्यांनी दुरुस्त केली तेव्हापासून ती वाजत नाही.

म्हशीचं काम संपत आलं आणि परीक्षेचा प्रश्न आला. हाताखालून गेलेल्या प्रत्येक गाडीची अप्पा एकच परीक्षा घेत. पितळी तांब्यात चार बोटं कमी पाणी भरायचं, तो मागं बसलेल्या माणसाच्या हातात द्यायचा आणि गाडी सगळ्या गिअरमधून पळवायची. "सरळ वढ आसली की पाणी नुसतं कलतंय. झटका बसला की उडतंय. कललं तर चालंल, उडलं तर गाडी पुन्हा फळ्यांवर." घाईतल्या एका टेम्पोवाल्यानं वाटेत निम्मं पाणी पिऊन टाकलं होतं. अप्पांनी त्याच्या पोटावर हात ठेवून विचारलं, "इथं हालायलंय का?" आणि गिअरबॉक्स पुन्हा उघडला.

साहेब हे ऐकून हसले. पुण्याहून खास ते गाडी न्यायला आले होते. "अप्पा, एवढ्या ताकदीच्या गाडीत तांब्या? सगळी सीट धुऊन निघेल. ह्या गाडीला झटका पाहिजेच."

"झटका म्हणजे ताकद वाया गेली. चाकाला जायची ती माणसाच्या मानेला गेली."

"नाही जमायचं."

"जमंल."

चहाचे कप गोळा करत आक्का मधेच म्हणाल्या, "मग तांब्या कशाला? चार दिसावर येळवस हाय. अंबिलीची बिंदगी घेऊन मी मागं बसते. शेतापर्यंत सांडली न्हाय तर तुमी जितलाव. सांडली, तर शटरची किल्ली माझ्याकडं. पुन्हा पान्याला हात लावायचा न्हाय."

लेथ थांबला. अप्पा आक्कांकडं बघत राहिले. मला वाटलं, आता कानडी सुरू होणार. पण त्यांच्या कामावर कुणी 'सांडेल' म्हणालं होतं आणि ते बायकोनं म्हटलं होतं.

"मंजूर," ते म्हणाले.

"साक्षीदार कोण?"

अप्पांनी पान्यानं माझ्याकडं दाखवलं. "ह्या मॅडम. ह्या खोटं बोलत न्हाईत. ह्या बोलतच न्हाईत."

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी धाराशिवात कर्फ्यू लागल्यासारखं होतं. सगळं गाव शेतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात. कडब्याची खोप करायची, तिथं पूजा मांडायची, आणि भज्जी, उंडे, खीर जेवून ताकातली ज्वारीची अंबील प्यायची. अंबिलीची बिंदगी, म्हणजे मातीची घागर, एरवी डोक्यावरून नेतात. आक्कांनी ती चार बोटं कमी भरली. भरताना अप्पांना बोलावून त्यांची बोटं आत घालून मोजून घेतली, स्वतःची नाही. "तुमची बोटं जाड हाईत, तुमचाच फायदा," म्हणाल्या.

गाडीला मागं दारं नव्हती. पुढची सीट वाकवून आक्का आत शिरल्या, तेव्हा त्यांची उंची निम्मी बाहेरच राहिली. "हे बनवणाऱ्याला आई न्हवती का?" त्या म्हणाल्या. मग मी शिरले. आमच्या मधे जागा खूप होती, पण वळणावर बिंदगी कलू नये म्हणून आक्कांनी मला अगदी खेटून बसवलं. मातीची ती काळी बिंदगी त्यांच्या मांडीवर, तोंडावरचं फडकं काढलेलं. पुढं साहेब चालवायला, शेजारी अप्पा. गफूरभाई मोटारसायकलवर केव्हाच शेताकडं गेले होते.

रस्ता मोकळा होता. दोन्हीकडं ज्वारी उभी, मधेमधे हरभरा.

"आता दाबू का अप्पा?" साहेबांनी विचारलं.

"दाबा. पन दोरी वढल्यासारखं दाबा, कुत्र्याला लाथ मारल्यासारखं न्हाय."

इंजिनानं हंबरडा फोडला आणि माझी पाठ सीटला लागली. ज्वारी पुसट झाली. मी डोळे बिंदगीवरून हलवले नाहीत. अंबील आक्कांच्या पोटाच्या बाजूनं वर चढली, काठाच्या एक बोट खाली थांबली आणि तशीच राहिली. दुसरा गिअर. ती थोडी खाली आली, पुन्हा चढली. उडाली नाही. तिसरा. चौथा. लोण्याच्या गोळ्यात सुरी गेल्यासारखे गिअर पडत होते. मागच्या आसाचा आवाज म्हणाल तर नाहीच. अप्पा पुढं बघत नव्हते, मागंही बघत नव्हते. डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा हात दोन सीटांमधल्या जागेवर पालथा पडला होता, खालून गिअरबॉक्स जातो तिथं. पाळण्यातल्या मुलाच्या छातीवर ठेवावा तसा.

साहेबांनी एकदा मुद्दाम क्लच झटक्यात सोडला. मला कळलं, कारण त्यांचा खांदा हलला. अंबिलीला कळलं नाही.

"मानलं अप्पा," ते हळूच म्हणाले.

बेंबळीच्या अलीकडं गाडी शेताच्या वाटेला लागली आणि गोगलगाईसारखी चालत खोपीजवळ जाऊन थांबली. इंजिन बंद झालं. खोपीतून आक्कांच्या जावा, पुतणे, गफूरभाई, सगळे पळत आले. साहेब आणि अप्पा आपापल्या बाजूनं उतरायला लागले. त्या तेवढ्या वेळात मागं आम्ही दोघीच.

आक्कांनी बिंदगीत पाहिलं. मग माझ्याकडं. मी खिडकीतून बाहेर बघत होते, निदान त्यांना तसं वाटलं. काचेत मला त्यांचा अंगठा दिसत होता. अंगठा बिंदगीच्या गळ्यावर आला, थांबला. मग बिंदगी कलली आणि पांढरी धार त्यांच्या इरकल लुगड्यावर, तिथून काळ्या सीटवर उतरली.

"सांडली वं!" आक्का म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. जिंकलेल्या माणसाचाही नव्हता.

अप्पा वाकून आत आले. सीटवरचा ओघळ पाहिला. बोट बुडवलं, चाटलं. "मीठ कमी हाय," म्हणाले. कुणी हसलं नाही. ते बाहेर उभे राहिले, बंडीच्या खिशात हात घातला, आणि शटरची किल्ली काढली. ती त्यांनी पुसली. गिअरचा दात पुसावा तशी, चिंधीनं, दोन्ही बाजूंनी. गफूरभाई कडब्याकडं तोंड करून उभे राहिले. साहेब म्हणत होते, "अहो पण, गाडी तर..." अप्पांनी वाद घातला नाही. सांडली म्हणजे सांडली. कुठंतरी आपलं चुकलं, एखादा पत्रा कमी पडला, हे ते मनातल्या मनात शोधत होते. त्यांच्या कपाळावरचे तिन्ही पट्टे एकत्र आले होते. आजही मला ते दिसतात ते असेच: किल्ली पुढं केलेली, आणि डोळे आक्कांकडं नाहीत, मागच्या चाकाकडं.

आक्कांनी हात पुढं केला नव्हता. त्या माझ्याकडं बघत होत्या. मी पाहिलंय, हे त्यांना तोवर कळलं होतं. त्यांचं फार चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. शेतात बसायला सोबत मागणं हा काही गुन्हा नाही. पण तो आस मी अकरा दिवस शेंदरात पाहिला होता, आणि तो चुकलेला नव्हता. खरं सांगितलं असतं तर येळवशीच्या दिवशी, साऱ्या जावांपुढं, आक्का खोट्या पडल्या असत्या. आणि मी जे सांगणार होते ते खोटं पाडायचं तर आक्कांना स्वतःचं खरं सांगावं लागलं असतं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण मी गाडीतून उतरले होते आणि अप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले होते. हातात खडू नव्हता. लिहायला खाली फक्त काळी माती होती.

"अप्पा, किल्ली खिशात ठेवा," मी म्हणाले. "गाडी थांबल्यावर माझा कोपर लागला."